वाऱ्याची मोट

माझा पणजोबा यल्लाप्पा
मिरजेच्या वेशीबाहेर मोटा शिवायचा.
टाका आत दडवायचा, असा
की विहिरीपासून थारोळ्यापर्यंत थेंब सांडू नये.

एकोणीसशे सहाचा उन्हाळा असेल
(आमच्यात सालं प्लेगावरून मोजतात,
एखादं इकडंतिकडं).
मिशनच्या आवारातून दाविद कंपौंडर आला,
मागोमाग साहेबाचा पुतण्या आल्डन,
काखेत बाभळीचा काटा घुसलेला चेंडू.

यल्लाप्पानं उलटापालटा करून पाहिला.
"ह्यो चेंडू? ह्ये तर मोटंचं पिल्लू.
त्वांड शिवल्यालं. पानी कुटनं घालत्यात?"
"पाणी नाही," दाविद म्हणाला, "वारा."

चिंचेखाली आरी चालू झाली
आणि पोरगं सांगत बसलं, दाविद अर्धंमुर्धं मराठी करत:
आधी हा गोल होता.
पंचवीस-पंचवीस पोरं, नोव्हेंबरातला गार माळ,
उचलून पळायचं नाही, लाथच मारायची.
मग एका कॉलेजाचा कायदा दुसऱ्याला पटेना,
पत्रं गेली, पत्रं आली,
हा लंबुळका आला, पोरं तो पोटाशी धरून धावू लागली.
मग कुणी म्हणालं, रेघ मारू.
अलीकडं आपण, पलीकडं ते.
तर एक संघ चेंडू दाबून बसूनच राहिला
(भावकीच्या दाव्यासारखा, ही दाविदची भर),
म्हणून ठरलं : तीन खेपा.
तेवढ्यात पाच वार सरका, नाही तर चेंडू त्यांचा.

"पाच वार?" यल्लाप्पा हसला,
"येवढ्यात बायकूचं लुगडंबी हुईना,
आन त्येच्यापायी मारामारी!"

पोरगं हसलं नाही.
हात गुंफून, पाचर करून घुसायचे, ते म्हणालं.
गेल्या वर्षी अठरा मेले. कुणी एकोणीस म्हणतात.

आरी थांबली.
"आमच्या हुतूतूत बी गडी मरतोय.
पर आपल्यातल्यानं त्यांचा एक मारला
की आपला मेल्याला उठून आत येतोय.
ह्येंची उठली का?"

दाविदनं हे इंग्रजीत सांगितलं नाही.

यंदा नवीन कायदा झालाय, पोरगं म्हणालं,
चेंडू पुढं फेकायचा. गर्दीच्या डोक्यांवरून.
हे यल्लाप्पाला आवडलं.
वादी थुंकीनं ओली केली, ओढली,
करंगळी चिरली, तरी टाका आत गेला.

संध्याकाळी तो मैदानाकडेच्या धोंड्यावर बसला.
बस कुणी म्हणालं नव्हतं, ऊठही नाही.
आल्डननं फेकला,
आणि सबनीस कारकुनाच्या भालूनं
तो सदऱ्याशी कवटाळला,
थुंकी, रक्त, चामडं, सगळं.
चार पावलं धावला. मग उभाच राहिला.
पुढं त्यानं घाटावर जाऊन अंघोळ केली, असं आत्या सांगायची.
वडील म्हणायचे, छे, पुन्हा टाक म्हणाला.
दोघंही तिथं नव्हते.

मग आल्डन चेंडू घेऊन धोंड्यापाशी आला,
शिवणीवर बोट ठेवून
आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला :
"बाहेर. बाहेर."

यल्लाप्पा उठला. धोतर झटकलं.
पुन्हा मिशनच्या आवारात गेला नाही,
आजारी पडला तेव्हाही.

मोटा गेल्या, इंजिनं आली.
आम्ही व्हॉलीबॉल शिवले, आता तेही कुणी शिवत नाही.
परवा पोरीनं मोबाईलवर तो खेळ लावला,
डोक्याला लोखंडी जाळ्या बांधलेले दांडगे गडी.
एकदा चेंडू अगदी जवळून दाखवला.

मी म्हणालो, थांबव.

वादी वरून होती.
आठ आडवे टाके, उघडे,
बोटांना पकड यावी म्हणून
बाहेर.